डाव्या खांद्यामागचा कॉक

जॉन डेन्व्हर हे नाव पटकन आठवलं नाही, तरी त्याचं एखादं गाणं कानावरून गेलेलं असतंच. कॉलेजच्या सहलीत, ट्रेकच्या मुक्कामात कुणीतरी गिटार काढतं, ‘कंट्री रोड्स’चे सूर छेडतं आणि शब्द अर्धवट येत असले तरी सगळे त्यात गळा मिसळतात. डोंगर, नद्या, घराची ओढ यांवर साधी, सरळ गाणी म्हणणारा गोल चष्म्यातला हा अमेरिकी गायक अनुभवी वैमानिकही होता, हे आपल्याकडे फारसं ठाऊक नसतं. १२ ऑक्टोबर १९९७ रोजी कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यालगत त्याचं छोटं विमान समुद्रात कोसळलं आणि वयाच्या ५३व्या वर्षी तो गेला. त्या संध्याकाळी वादळ नव्हतं, धुकं नव्हतं. शवचिकित्सेत मद्याचा किंवा अमली पदार्थाचा अंश सापडला नाही. तपास करणाऱ्यांचं बोट गेलं ते विमानातल्या इंधनाच्या एका कॉककडे. तो कॉक कुठे बसवला होता, टाकीत किती इंधन आहे हे कळण्याची काय सोय होती आणि अडचणीच्या क्षणी माणसाचं शरीर कसं वागतं, या तीन गोष्टी त्या संध्याकाळी एकत्र आल्या.

वैमानिकाचा मुलगा

डेन्व्हर हे त्याचं खरं नाव नव्हे. हेन्री जॉन ड्यूशनडॉर्फ ज्युनियर असं भारदस्त जर्मन वळणाचं नाव घेऊन तो ३१ डिसेंबर १९४३ रोजी न्यू मेक्सिको राज्यातल्या रॉझवेल इथे जन्मला. वडील अमेरिकी हवाई दलात वैमानिक होते. बी-५८ हसलर या स्वनातीत बॉम्बफेकी विमानावर १९६१मध्ये वेगाचे विक्रम करणाऱ्या तुकडीचं नेतृत्व त्यांनी केलं होतं. घरात शिस्त कडक आणि माया अबोल. वडिलांच्या बदल्यांमुळे दर काही वर्षांनी गाव बदलायचं, शाळा बदलायची, मित्र मागे राहायचे. अशा लाजऱ्या, एकट्या पडलेल्या मुलाला अकरा-बारा वर्षांचा असताना आजीने आपली जुनी गिटार दिली. नव्या शाळेत ओळखी करून द्यायचं काम पुढे ती गिटारच करू लागली.

शाळेत असताना एकदा तो वडिलांची गाडी घेऊन टेक्सासहून थेट कॅलिफोर्नियाला पळाला. वडील विमानाने जाऊन त्याला परत घेऊन आले. पुढे लबकच्या टेक्सास टेक महाविद्यालयात त्याने वास्तुशास्त्राला प्रवेश घेतला, पण मन गाण्यात होतं. शिक्षण अर्धवट सोडून तो लॉस एंजेलिसला गेला. तिथे त्याला सांगण्यात आलं, की एवढं लांबलचक आडनाव नाट्यगृहाच्या पाटीवर मावायचं नाही. त्याने आवडत्या रॉकी पर्वताच्या पायथ्याशी वसलेल्या शहराचं नाव आडनाव म्हणून घेतलं.

१९६५मध्ये चॅड मिचेल ट्रिओ या गायकत्रयीत जागा रिकामी झाली. अडीचशेच्या आसपास उमेदवारांतून त्याची निवड झाली. विमानतळावरच्या ताटातुटीवर त्याने १९६६च्या सुमारास लिहिलेलं ‘लिव्हिंग ऑन अ जेट प्लेन’ हे गाणं पीटर, पॉल अँड मेरी या त्रयीने गायलं आणि १९६९मध्ये ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. १९७१मध्ये ‘टेक मी होम, कंट्री रोड्स’ आलं आणि डेन्व्हर घराघरांत पोचला. त्यानंतरची चार-पाच वर्षं त्याचीच होती. ‘रॉकी माउंटन हाय’, ‘सनशाइन ऑन माय शोल्डर्स’, पत्नी अ‍ॅनीसाठी रचलेलं ‘अ‍ॅनीज साँग’ अशी गाणी एकामागून एक गाजत गेली. कोलोरॅडोतल्या अ‍ॅस्पेनला त्याने घर केलं. मिळालेला पैसा आणि प्रसिद्धी त्याने पर्यावरण आणि भूकमुक्तीच्या कामाकडेही वळवली. १९७६मध्ये विंडस्टार ही पर्यावरणसंस्था उभी केली. राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी जागतिक भुकेच्या प्रश्नावर नेमलेल्या आयोगातही तो होता.

वडिलांशी असलेलं अंतर मिटलं ते विमानामुळे. सत्तरच्या दशकाच्या मध्यात मुलगा वडिलांकडेच विमान चालवायला शिकला. ज्या माणसाला प्रेम बोलून दाखवता आलं नव्हतं, त्याने ते शेजारच्या आसनावर बसून शिकवण्यातून दाखवलं. नंतर मुलाच्या लिअरजेटवर तेच वैमानिक म्हणूनही उडत. १९८२मध्ये ते वारले. डेन्व्हरचं उडणं पुढे चालूच राहिलं. एक इंजिनाची, अनेक इंजिनांची, पाण्यावर उतरणारी विमानं, ग्लायडर, लिअरजेट या सगळ्यांचे परवाने त्याच्याकडे होते आणि २,७००हून अधिक तासांचा अनुभव. अवकाशातही जायची त्याला ओढ होती आणि नासाची शारीरिक चाचणी त्याने पार केली होती. जानेवारी १९८६मध्ये चॅलेंजर यान सात जणांसह कोसळलं, तेव्हा त्यांच्यासाठी त्याने गाणं लिहिलं.

नव्वदचं दशक त्याला तितकंसं मानवलं नाही. दुसरा संसारही मोडला होता. दारू पिऊन मोटार चालवल्याबद्दल १९९३ आणि १९९४मध्ये त्याला अटक झाली. त्यामुळे विमान चालवण्यासाठी लागणारं वैद्यकीय प्रमाणपत्र पुढे ग्राह्य राहिलं नाही आणि कायद्याने पाहिलं तर त्या शेवटच्या दिवशी त्याने उडायलाच नको होतं. ही नोंद टाळता येत नाही. मात्र अपघाताचं कारण तिच्यात नव्हतं, हेही तितक्याच स्पष्टपणे नोंदलं गेलं आहे.

घरी बांधलेलं विमान

डेन्व्हरने शेवटी घेतलेलं विमान कारखान्यात बनलेलं नव्हतं. अमेरिकेत हौशी माणसाने स्वतः विमान बांधण्याची मोठी परंपरा आहे. बांधणीचं निम्म्याहून अधिक काम हौशी माणसाने, शिकण्यासाठी किंवा आनंदासाठी केलेलं असलं, की त्या विमानाला ‘प्रायोगिक’ या वर्गात उडण्याची परवानगी मिळते. आपल्याकडे कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत कांदिवलीच्या इमारतीच्या गच्चीवर विमान बांधलं आणि २०१६मध्ये ‘मेक इन इंडिया’च्या प्रदर्शनात ते ठेवलं होतं, हे अनेकांना आठवत असेल. तसाच हा उद्योग, फक्त अमेरिकेत तो गॅरेजागॅरेजांतून चालतो.

डेन्व्हरचं विमान ‘लाँग-ईझी’ जातीचं होतं. बर्ट रुटान या कल्पक अभियंत्याने ते रेखाटलं आणि १९७९मध्ये ते पहिल्यांदा उडालं. रुटान विमान विकत नसत, नकाशे विकत. ते नकाशे घेऊन लोक फोम कापत, त्यावर काचतंतूचं कापड आणि रेझिन चढवत आणि दोन-चार वर्षांत विमान उभं करत. रिकाम्या विमानाचं वजन सव्वातीनशे किलोच्या आसपास, म्हणजे आपल्या छोट्या मोटारीच्या निम्मंसुद्धा नाही. इंजिन आणि पंखा मागे. मुख्य पंख मागे आणि नाकाजवळ एक छोटा पंख. वेग फार कमी झाला तर हा पुढचा छोटा पंख आधी उचल सोडतो, नाक आपोआप खाली येतं आणि वेग परत मिळतो. थोडक्यात, वैमानिकाची एक नेहमीची चूक पोटात घालणारं हे विमान आहे.

दोन्ही पंखांच्या मुळाशी एक-एक टाकी असते, दोन्ही मिळून सुमारे दोनशे लिटरची. इंजिनाला इंधन एका वेळी एकाच टाकीतून मिळतं. दोन्ही टाक्या एकदम का उघडत नाहीत, असा प्रश्न पडेल. इथे इंधन पंपाने ओढलं जातं. दोन ग्लासांत एक-एक स्ट्रॉ ठेवून दोन्ही एकदम ओढल्या आणि त्यातला एक ग्लास संपलेला असला, तर तोंडात नुसती हवाच येते. तसंच इथे होईल. म्हणून डावी टाकी, उजवी टाकी आणि बंद असा तीन स्थानांचा कॉक ठेवतात. वैमानिकाने ठरावीक वेळाने टाकी बदलायची असते.

ज्यांनी जुनी स्कूटर चालवली आहे, त्यांना हे लगेच समजेल. त्या स्कूटरला पेट्रोलचा काटा नसायचा. पेट्रोल संपत आलं की इंजिन आचके द्यायचं, चालवणारा एक हात खाली घालून चाचपत कॉक रिझर्व्हला टाकायचा आणि गाडी पुन्हा चालू लागायची. टाकी रिझर्व्हला लागली, म्हणजे आता पंप गाठा. कॉक कुठे आहे आणि कुठल्या दिशेला फिरवायचा, हे हाताला पाठ झालेलं असायचं. पहिल्यांदाच दुसऱ्याची स्कूटर घेतलेल्या माणसाची मात्र तारांबळ उडायची. पण त्याला गाडी रस्त्याच्या कडेला घेऊन शांतपणे खाली वाकता येत होतं. आकाशात रस्त्याची कडा नसते.

जागा बदललेला कॉक

रुटान यांच्या नकाशात हा कॉक वैमानिकाच्या दोन मांड्यांच्या मधे, हात सहज पोचेल असा होता. डेन्व्हरने विकत घेतलेलं विमान ज्याने बांधलं, त्याला इंधनाच्या नळ्या बसायच्या जागेतून न्यायच्या नव्हत्या. आगीचा धोका लक्षात घेतला तर हा विचार वेडगळ म्हणता येत नाही. त्याने कॉक मागे नेला आणि वैमानिकाच्या डाव्या खांद्यामागच्या आडभिंतीवर बसवला. हौशी बांधणीत असे बदल करण्याची मुभा असते.

पण त्या एका बदलाने बरंच काही बदललं. कॉकवर कुठल्याच खुणा नव्हत्या. दांडा खाली केला की उजवी टाकी, उजवीकडे केला की डावी टाकी आणि वर केला की बंद, असा तो उलटसुलट मामला होता. इंधन दाखवणाऱ्या काचेच्या खिडक्या मागच्या आसनाजवळ होत्या आणि पुढे बसलेल्याला मान वळवल्याशिवाय दिसत नव्हत्या. त्यांवर मापाच्या रेघाही नव्हत्या. टाकीचा आकार पंखासारखा निमुळता असल्यामुळे खिडकीत अर्धी उंची दिसली, म्हणजे टाकी अर्धी भरलेली आहे असा अर्थ होत नाही. शिवाय हे विमान जमिनीवर रिकामं उभं करताना नाक टेकवून ठेवतात, म्हणजे जमिनीवर दिसणारी पातळी उडतानाच्या पातळीपेक्षा वेगळी.

अपघाताच्या आदल्या दिवशी सुमारे अर्ध्या तासाचं ओळखीचं उड्डाण करून डेन्व्हरने विमान मॉन्टेरेला आणलं. १२ ऑक्टोबरच्या दुपारी तिथल्या तंत्रज्ञाशी त्याचं बोलणं झालं, ते मुख्यतः या कॉकबद्दलच. हात पोचत नाही, हे दोघांनाही दिसत होतं. दांड्याला पकड लावून तो लांबवता येतो का, हेही त्यांनी करून पाहिलं, जमलं नाही. मागच्या खिडक्या दिसाव्यात म्हणून तंत्रज्ञाने त्याला छोटा आरसा दिला. इंधन मात्र डेन्व्हरने भरून घेतलं नाही. तासाभराचंच उड्डाण आहे, तेवढं पुरेल असा त्याचा हिशेब होता. टाकी बदलायची वेळ आली तर स्वयंचलित नियंत्रणावर विमान स्थिर ठेवून मागे वळायचं, असं त्याने ठरवलं होतं. म्हणजे अडचण माहीत होती, तिच्यावर उपायही योजला होता. पण तो उपाय उंचीवर, निवांतपणे अमलात आणण्याचा होता.

संध्याकाळी ५ वाजून १२ मिनिटांच्या सुमारास त्याने उड्डाण केलं. धावपट्टीला चाकं टेकवून पुन्हा उडण्याचा सराव तीनदा केला आणि तो पॅसिफिक ग्रोव्हच्या किनाऱ्याकडे वळला. ५ वाजून २८ मिनिटांच्या सुमारास, शंभर-दीडशे मीटर उंचीवर असताना, इंजिनाचा आवाज कमी झाल्याचं किंवा फट् असा आवाज झाल्याचं काही प्रत्यक्षदर्शींनी ऐकलं. मग विमान किंचित वर उचललं गेलं, उजवीकडे तीव्र कललं आणि नाक खाली करून समुद्रात शिरलं. उड्डाण जेमतेम सोळा मिनिटांचं झालं होतं.

शरीर कसं फसवतं

अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने या अपघाताचा बारकाईने तपास केला. तशाच दुसऱ्या विमानात बसून, पट्टे बांधून, डाव्या खांद्यामागे हात नेऊन पाहिलं. त्यातून जे कळलं ते शरीररचनेच्या वर्गात शिकवावं असं आहे.

या विमानाची नियंत्रणदांडी उजव्या हाताशी असते. खांद्यामागचा कॉक फिरवायचा तर आधी ती दांडी सोडायची, मग खांद्याचा पट्टा सैल करायचा, मग धड डावीकडे जवळजवळ काटकोनात वळवायचं आणि उजवा हात मागे न्यायचा. आता खुर्चीत बसल्या बसल्या हे करून पाहा. पाय जमिनीवर टेकवून डाव्या खांद्यावरून मागची वस्तू घ्यायला वळा. धड डावीकडे वळताना उजवा पाय आपोआप ताणला जातो आणि पाऊल खाली रेटतं. तोल सावरण्यासाठी शरीर आधार शोधतं आणि तो आधार पायाखाली असतो. आपण हे ठरवून करत नाही. पाठ, कंबर आणि पाय यांचे स्नायू एकमेकांशी बांधलेले असल्यामुळे ते घडतं.

खुर्चीत पायाखाली जमीन असते. विमानात तिथे सुकाणूचं पेडल असतं. उजवं पेडल रेटलं की विमान उजवीकडे वळतं आणि कलतं. पुढचा पंख, नाक आपोआप खाली आणणारी चतुराई, या कशाचाही त्यावर इलाज नव्हता. कारण विमान बिघडलं नव्हतं. ते पायाने दिलेली आज्ञा पाळत होतं. डोळे मागे, हात मागे, तोल सुटलेला आणि खाली फक्त दीडशे मीटर. इंजिनाशिवाय तरंगत उतरायचं म्हटलं तरी एवढ्या उंचीवरून हाती अर्ध्या मिनिटाच्या आसपासच वेळ असतो.

त्यात भर मनाची. अनपेक्षित धक्का बसला की लक्षाचा झोत अरुंद होतो. समोरचा एकच प्रश्न दिसतो आणि बाकीचं सगळं अंधारात जातं. ही घाबरटपणाची खूण नाही, मेंदूची काम करण्याची रीत आहे. सरावाची कृती अशा वेळीही हात आपोआप करतो, कारण तिला विचार लागत नाही. डेन्व्हरचे हजारो तास दुसऱ्या विमानांतले होते. या कॉकची सवय त्याच्या हाताला नव्हती.

जानेवारी १९९९मध्ये मंडळाने निष्कर्ष जाहीर केला. कॉक फिरवण्याच्या प्रयत्नात लक्ष उड्डाणावरून हटणं आणि नकळत उजवं पेडल दाबलं जाणं, हे मुख्य कारण ठरलं. उड्डाणापूर्वीची अपुरी तयारी, विशेषतः इंधन न भरणं, हेही कारणांतच धरलं गेलं. अवघड जागी बसवलेला खुणा नसलेला कॉक, मापाच्या रेघा नसलेल्या खिडक्या आणि या जातीच्या विमानाचं तोकडं प्रशिक्षण व अनुभव यांनी हातभार लावला, असंही मंडळाने नोंदवलं. दोष एकट्या वैमानिकाच्या माथी मारला गेला नाही, हे महत्त्वाचं.

ही दृष्टी विमानवैद्यकाला दुसऱ्या महायुद्धात मिळाली. बी-१७ बॉम्बफेकी विमानं सुखरूप उतरल्यावर वैमानिक अचानक चाकंच आत घेत आणि विमान पोटावर आपटे. अल्फोन्स चापानिस या तरुण मानसशास्त्रज्ञाने विमानात डोकावून पाहिलं, तेव्हा चाकांचं बटण आणि पंखांच्या फ्लॅपचं बटण शेजारीशेजारी आणि दिसायला सारखी होती. त्याने एका बटणावर चाकाच्या आकाराची आणि दुसऱ्यावर पाचरीच्या आकाराची टोपी बसवायला सुचवलं. न पाहता, बोटांना कळू लागलं. हाच चापानिस पुढे १९५९मध्ये स्वयंपाकघरातल्या शेगडीकडे वळला. चार बर्नर आणि ओळीने चार बटणं असली, की माणसं भलताच बर्नर का पेटवतात, हे त्याने तपासलं. बटणांची मांडणी बर्नरच्या मांडणीशी जुळली की चुका कमी होतात, हे त्यातून दिसलं. गॅसची शेगडी असो की विमान, माणूस तोच असतो.

लाल दिव्याचं शास्त्र

अशा अपघातांपासून घरी विमान बांधणारे काय शिकतात? एक म्हणजे इंधन संपत आल्याची स्वतंत्र सूचना देणारी व्यवस्था. कल्पना साधी आहे. टाकीतली पातळी ठरावीक रेषेखाली गेली, की वैमानिकाच्या डोळ्यांसमोर लाल दिवा लागला पाहिजे. इंजिनाने आचका देण्याची वाट पाहायची नाही.

यासाठी टाकीच्या तळाजवळ सेन्सर बसवतात. जुना प्रकार तरंगत्या गोळ्याचा, म्हणजे फ्लशच्या टाकीत असतो तसा. पातळी उतरली की गोळा खाली येतो आणि विजेचा जोड मिळतो. नवा प्रकार प्रकाशाचा आहे. त्यात बोटाएवढ्या नळीच्या टोकाला पारदर्शक लोलक असतो. आतून अवरक्त किरण सोडले जातात. टोकाभोवती हवा असेल, तर किरण लोलकाच्या भिंतींवर आपटून पूर्ण परत येतात. हिरा चमकतो तो याच तत्त्वाने. टोक इंधनात बुडालेलं असेल, तर किरण द्रवात निसटतात आणि परत येत नाहीत. किरण परतू लागले, म्हणजे टोक उघडं पडलं, म्हणजे दिवा लावा. यात हलणारा भाग एकही नाही, त्यामुळे अडकण्याची भीती नाही.

सेन्सर किती उंचीवर बसवायचा, हा खरा प्रश्न. अमेरिकेच्या नियमानुसार दिवसा, डोळ्यांनी पाहत उडणाऱ्या विमानाकडे मुक्कामी पोचल्यावरही किमान तीस मिनिटांचं इंधन उरलं पाहिजे. इंजिन तासाला तीस लिटर पीत असेल, तर अर्ध्या तासाचे पंधरा लिटर होतात. तेवढं इंधन टाकीत असताना पातळी कुठे येते, तिथे टोक यायला हवं. आणि ही पातळी विमान उडताना ज्या स्थितीत असतं त्या स्थितीतली हवी. म्हणून आधी विमान आधारांवर ठेवून उडण्याच्या कोनात आणतात, टाकी पूर्ण रिकामी करतात, मग मोजून पाच-पाच लिटर ओततात आणि दर वेळी खिडकीवर रेघ मारतात. हे एका दुपारचं काम आहे. ते केलं की खिडकीही खरं बोलू लागते.

पुढच्या गोष्टी बारीक वाटतात, पण त्यांवरच सगळं अवलंबून असतं. हवेच्या धक्क्याने इंधन हिंदकळतं आणि टोक क्षणभर उघडं पडतं. तेवढ्याने दिवा लुकलुकू लागला तर आठवड्याभरात वैमानिक त्याच्याकडे पाहणं सोडून देतो. म्हणून काही सेकंद सलग टोक उघडं राहिलं तरच दिवा लागेल, अशी योजना करतात. टाकीला पाडलेलं भोक इंधनाला न विरघळणाऱ्या लुकणाने बंद करून गळती तपासतात. इंधनाजवळ जाणारा वीजप्रवाह अगदी क्षीण ठेवतात आणि फ्यूज लावतात. ही व्यवस्था नेहमीच्या काट्याशी जोडत नाहीत, म्हणजे एक बिघडली तरी दुसरी बोलत राहते. डाव्या आणि उजव्या टाकीचे दिवे वेगळे आणि त्याच बाजूंना बसवतात. आणि दिवा शाबूत आहे की नाही, हे उडण्याआधी दाबून पाहायचं बटण ठेवतात.

एवढं करूनही दिवा इंधन वाढवत नाही. तो देतो ती थोडी सवड. पंधरा लिटर उरलेले असताना, पुरेशा उंचीवर, इंजिन नीट चालू असताना कळलं, तर टाकी बदलायला आणि धावपट्टी शोधायला वेळ असतो. मात्र कॉक खांद्यामागेच राहिला, तर दिवा लागल्यावरही वैमानिकाला तसंच मागे वळावं लागेल. म्हणून जाणकार बांधणारे क्रम उलटा लावत नाहीत. आधी कॉक हाताशी, त्यावर ठळक खुणा, मग रेघा मारलेल्या खिडक्या, मग दिवा. आणि या सगळ्याआधी उड्डाणापूर्वी टाकीचं झाकण उघडून, काठी बुडवून आपल्या डोळ्यांनी इंधन पाहणं.

डेन्व्हरच्या अस्थी रॉकी पर्वतात विसर्जित केल्या गेल्या. त्याचं ‘रॉकी माउंटन हाय’ २००७मध्ये कोलोरॅडोचं आणि ‘कंट्री रोड्स’ २०१४मध्ये वेस्ट व्हर्जिनियाचं अधिकृत राज्यगीत झालं. घरी बांधलेली जुनी विमानं आजही हातोहात विकली जातात आणि दर वेळी नवा मालक दुसऱ्याने मांडलेल्या बैठकीत बसतो. अशा मालकासाठी एक साधी चाचणी आहे. विमान जमिनीवर असताना पट्टे घट्ट बांधून बसायचं, डोळे मिटायचे आणि इंधनाचा कॉक एका टाकीवरून दुसऱ्या टाकीवर फिरवायचा. हात पोचला नाही, पट्टा सोडावा लागला किंवा पाय हलला, तर ते विमान अजून उडण्याजोगं झालेलं नाही असं समजून हत्यारांची पेटी उघडायची.